बापाची पाटी, लेकाचा सवाल : चोखोबा आणि कर्ममेळा यांच्या दोन अभंगांतला संघर्ष

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग असतो. मागच्या महिन्यात विषय होता संतसाहित्य. मी चोखोबांचा जोहाराचा अभंग वाचून दाखवला आणि विचारले, यात संघर्ष कुठे दिसतो? इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा लगेच म्हणाला, "दादा, यात कसला संघर्ष? हा माणूस भीक मागतोय. असल्या गुलामीच्या कविता आपण वाचायच्याच कशाला?" दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मग मागे बसलेली बारावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "पण दादा, तो उष्टं कुणाचं मागतोय?"

त्या प्रश्नावर वर्ग थांबला. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आज चोखोबांवर दोन बाजूंनी हक्क सांगितला जातो. एक बाजू दर आषाढीला त्यांच्या नावाने हार घालते आणि सांगते, बघा, आमच्या वारीत जात कधी नव्हतीच. दुसरी बाजू आपलीच आहे. ती म्हणते, चोखोबा शरण गेलेला माणूस, आपला त्याच्याशी संबंध संपला. माझे म्हणणे असे की दोन्ही बाजूंनी कविता वाचलेली नाही. पहिल्यांनी भक्ती वाचली, दुसऱ्यांनी लाचारी वाचली, आणि शब्द कुणीच वाचले नाहीत. म्हणून आज दोन अभंग शेजारी ठेवून वाचू. एक बापाचा, एक लेकाचा. दोघांच्या अभंगांत एक शब्द सारखा आहे. तो शब्द म्हणजे 'उष्टे'.

कोण होती ही माणसे?

चोखामेळा हे नामदेवांचे समकालीन, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातले. परंपरा त्यांचे जन्मगाव बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा सांगते आणि आयुष्य मंगळवेढ्याला गेले असे मानते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. या पाचही जणांच्या नावावर अभंग आहेत. एकाच महार कुटुंबातली पाच माणसे, त्यांत दोन बाया, सातशे वर्षांपूर्वी कविता करतात, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

अक्षरबंदी असलेल्या घरातली ही कविता तोंडी जगली. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट लिहून घेत, असे परंपरा सांगते. म्हणजे शब्द आपले आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात. पुढे कीर्तनकारांनी आणि पोथ्या उतरवणाऱ्यांनी ते जपले, आणि जपताना काय पुढे ठेवायचे, काय मागे सारायचे, हेही त्यांनीच ठरवले. बापाचे अभंग कीर्तनात जितके ऐकू येतात तितका लेकाचा येत नाही, याचे कारण मला इथे दिसते.

चोखोबांचा मृत्यू कसा झाला हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते. त्यासाठी महारांना वेठीला धरले होते. कूस कोसळले आणि चोखोबा त्याखाली चिरडून मेले. साल 1338 मानले जाते. ज्या भिंतीच्या बाहेर राहायची सक्ती होती, तीच भिंत बांधताना ते मेले. नामदेवांनी त्यांची हाडे पंढरपुरास आणली आणि मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आत नाही. ते दार आपल्या माणसांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावे लागले. 1338 ते 1947, म्हणजे सहाशे नऊ वर्षे. 'वारीत जात नव्हती' म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

गावगाड्यातली पाटी

जोहाराचा अभंग समजायचा तर आधी गावगाडा समजला पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचे तपशील नोंदवून ठेवले आहेत. महाराची कामे कोणती? वेस राखायची, सांगावा पोचवायचा, मेलेले जनावर ओढून न्यायचे, सरपण फोडायचे, सारा भरायला निघालेल्या पाटलाच्या सोबत चालायचे. गावाच्या शिवेचे भांडण लागले तर साक्ष मात्र महाराची घ्यायची, कारण हद्द त्यालाच ठाऊक. या सगळ्याच्या बदल्यात काय, तर खळ्यावरचे बलुते आणि दारोदार फिरून मिळणारी भाकर. येसकराची पाळी ज्या घराकडे असेल, त्या घरातले माणूस संध्याकाळी पाटी घेऊन निघायचे. दारात उभे राहायचे ते लांब, हाक मारायची ती अदबीने. आणि वरच्या जातीच्या माणसासमोर आले की म्हणायचे, 'जोहार मायबाप.'

ही नोंद चोखोबांच्या नंतर कितीतरी शतकांची आहे. पण जोहार, मायबाप, उष्टे, पाटी हे सगळे शब्द चोखोबांच्या अभंगात जसेच्या तसे आहेत. यावरून ही व्यवस्था किती जुनी आणि किती हट्टी होती ते कळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अभंगाकडे असा दस्तऐवज म्हणूनही पाहायला हवे. त्या काळच्या महाराने स्वतःच्या तोंडाने आपल्या कामाचे आणि मोबदल्याचे वर्णन केलेले दुसरे कागदपत्र सहज सापडणार नाही.

बापाचा अभंग : जोहार

आता कविता. अभंग अगदी छोटा आहे. बोलणारा देवाला जोहार घालतो. आपण देवाच्या सेवकाचेही सेवक आहोत असे सांगतो. फार भूक लागली आहे, म्हणून उष्ट्यासाठी आलो आहे, आणि त्यासाठी पाटीही बरोबर आणली आहे, एवढेच म्हणतो. संपला अभंग.

यात कवीने वापरलेले पहिले साधन म्हणजे रूपक. गावगाड्यातला सगळा देखावा उचलून त्याने मंदिरासमोर मांडला आहे. पाटलाच्या जागी देव, वाड्याच्या जागी देऊळ, आणि दारात महार आहे तो महारच. भक्तीचे नेहमीचे रूपक काय असते? देव आई, भक्त लेकरू. चोखोबांनीही 'मायबाप' म्हटले आहे, पण हा आईच्या कुशीतला मायबाप नाही. हा महार पाटलाला म्हणतो तो मायबाप आहे. एकाच शब्दात माया आणि मालकी दोन्ही आहेत. ऐकणाऱ्याने कोणती ऐकायची ते कवी सांगत नाही.

दुसरे साधन म्हणजे यमक. पहिल्याच कडव्यात 'जोहार' आणि 'महार' हे शब्द यमकात बांधले आहेत. यमक कानाला पटते तेव्हा दोन शब्द जन्मापासून एकत्र असावेत असे वाटू लागते. गावानेही हेच केले होते. जोहार म्हटले की महार, आणि महार म्हटले की जोहार. कवीने ते यमक घडवले की गावाने त्याच्या हातात तयार दिले, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

तिसरे साधन म्हणजे वस्तू. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात 'चोखा म्हणे' असे येते. संतकवितेत या नाममुद्रेला मोठा मान. कवी इथे आपली सही करतो आणि सही करताना बहुधा काहीतरी तत्त्व सांगतो. चोखोबांनी सहीच्या शेजारी काय ठेवले? पाटी. मोक्ष नाही, ज्ञान नाही. हातात धरायची, शिळे तुकडे गोळा करायची पाटी. ज्या ओळीत बाकीचे कवी आपले शहाणपण ठेवतात, तिथे या कवीने आपले काम ठेवले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. उष्टे कुणाचे? वारकरी सांगेल, देवाचे, म्हणजे तो प्रसाद. अर्थ तसा घेता येतो आणि चोखोबांच्या मनात तोही असेल. पण प्रसादाला प्रसाद म्हणायला कवीला कुणी अडवले नव्हते. त्याने शब्द वापरला 'उष्टे'. बाकीचे भक्त प्रसाद घेतात आणि मी उष्टे घेतो, हा फरक त्या एका शब्दात येऊन बसला आहे. कवीने तो तक्रार म्हणून मांडलेला नाही. पण मांडलेला आहे.

दोन-अडीचशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनीही जोहाराची भारुडे लिहिली. त्यांतही महार बोलतो, जोहार घालतो आणि अध्यात्म शिकवतो. एकनाथांचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण एकनाथ भारूड संपले की महाराची भूमिका उतरवून घरी जाऊ शकत होते. चोखोबांना उतरवायला काही नव्हते. एकच शब्द, एकच ढंग, पण बोलणारा बदलला की कविता बदलते. 'साहित्याला जात नसते' असे कुणी ऐकवले तर हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवा.

तर जोहाराच्या अभंगात संघर्ष आहे का? उघड नाही. भांडण नाही, आरोप नाही. संघर्ष आहे तो रूपकाच्या आत. देवाला पाटलाच्या जागी बसवले की भक्ताची नम्रता दिसते हे खरे, पण त्याच वेळी देवाच्या दारातही गावचाच कायदा चालतो हेही दिसते. चोखोबांनी पहिली गोष्ट म्हटली. दुसरी म्हटली नाही, पण लपवलीही नाही.

लेकाचा अभंग : सवाल

आता कर्ममेळा. याचा अभंगही तेवढाच आटोपशीर, आणि छंदही तोच. साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक, असा छोटा अभंग. म्हणजे भांडे बापाचेच आहे. आत काय भरले ते पाहा.

पहिल्या कडव्यात तो देवाला म्हणतो की आमची जात तूच हीन केलीस, आणि हे तुला कसे कळत नाही? दुसऱ्यात म्हणतो की जन्म उष्टे खाण्यात गेला, तुझ्या मनाला लाज कशी वाटत नाही? तिसऱ्यात आठवण करून देतो की आमच्या घरी तू दहीभात खाल्लास, आता नाही कसे म्हणतोस? आणि शेवटी विचारतो, मला जन्म तरी कशाला दिलास?

बापाच्या अभंगात प्रत्येक वाक्य निवेदन आहे. लेकाच्या अभंगात जवळजवळ प्रत्येक कडवे सवालावर संपते. हा पहिला आणि सर्वांत मोठा फरक. निवेदन करणारा दारात उभा असतो. सवाल करणारा समोरच्याला उभे करतो. कर्ममेळ्याने देवाला आरोपीच्या जागी आणले, आणि तेही आवाज न चढवता, फक्त वाक्याची रचना बदलून.

दुसरे साधन म्हणजे संबोधन. बाप म्हणतो मायबाप. लेक म्हणतो श्रीपती. श्री म्हणजे लक्ष्मी, श्रीपती म्हणजे लक्ष्मीचा नवरा, वैभवाचा धनी. देवाला हजार नावे असताना नेमके हेच नाव त्या कडव्यात आले आहे, आणि त्याचे यमक जुळवले आहे 'याती' म्हणजे जातीशी. हीन याती एका टोकाला, श्रीपती दुसऱ्या टोकाला. पुढच्याच कडव्यात उष्टे येते. वैभवाच्या धन्याला उष्ट्याचा हिशोब विचारायचा, हा उपरोध आहे. शिवी न देता केलेला.

तिसरे साधन म्हणजे पुरावा. दहीभाताचा उल्लेख उगाच आलेला नाही. विठोबा चोखोबांच्या घरी जेवायला आला, सोयराबाईच्या हातून दही सांडले, ही आख्यायिका वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. कीर्तनात ती देवाच्या मोठेपणासाठी सांगतात. बघा, देव महाराच्या घरी जेवला! कर्ममेळा तीच आख्यायिका घेतो आणि साक्ष म्हणून उलटवतो. तू जेवलास ना? मग विटाळ कुठे गेला? आणि जेवून झाल्यावर आमची जात तशीच कशी राहिली? इथे यमक पाहा. 'दही' आणि 'नाही'. पुरावा आणि इन्कार एकाच यमकात समोरासमोर बांधले आहेत. शिवेच्या भांडणात ज्या महाराची साक्ष गाव मानायचे, त्या महाराचा पोरगा इथे देवाविरुद्ध साक्ष देतो आहे.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीने पुढच्या रविवारी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ती म्हणाली, "दादा, दहीभात केला कुणी? सोयराबाईनेच ना?" बरोबर आहे. या अभंगात आईचे नाव नाही, पण तिच्या हातचे अन्न आहे. बापाच्या अभंगात दुसऱ्याच्या घरचे उष्टे आमच्या पाटीत येते. लेकाच्या अभंगात आमच्या घरचे ताजे अन्न देवाच्या पोटात जाते. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे उलटून गेले. आणि सोयराबाई स्वतः कमी नव्हती. विटाळापासूनच सगळ्यांचे देह घडतात, मग सोवळा कोण, असा थेट युक्तिवाद तिच्या अभंगात आहे. कर्ममेळ्याने सवाल करायचे बळ कुणाकडून घेतले असेल, तर माझ्या मते आईकडून.

चौथी गोष्ट सहीची. तो नुसते आपले नाव घेत नाही, 'चोखियाचा' कर्ममेळा म्हणवून घेतो. बापाचे नाव घेऊनच तो बापाच्या पुढे जातो. त्याने बापाला नाकारले नाही. बापाने गोळा केलेले उष्टे त्याने देवासमोर ओतले आणि विचारले, हे काय आहे?

दोन्ही शेजारी ठेवल्यावर

दोघांचा देव एक, छंद एक, घर एक. भूकही एकच. बदलले ते 'उष्टे' या शब्दाचे वजन. बापाकडे तो भुकेचा शब्द आहे आणि लेकाकडे लाजेचा. त्यातही लाज कुणाची, हे नीट पाहा. गावाने शिकवलेली रीत अशी की उष्टे खाणाऱ्याने लाजायचे. कर्ममेळा म्हणतो, लाज खाऊ घालणाऱ्याला वाटली पाहिजे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला कलंक या विषयावर जाडजूड पुस्तके वाचायला लावत. कलंक ज्याच्यावर लादला त्याच्याकडून काढून लादणाऱ्याच्या कपाळी लावणे, हे काम एका पोराने अभंगाच्या दोन चरणांत केले आहे.

काळाचाही फरक आहे. बापाचा अभंग एका संध्याकाळचा आहे. भूक लागली, पाटी घेतली, आलो. लेकाच्या अभंगात जन्म गेला असे येते. एका संध्याकाळचा अनुभव लेकाकडे आयुष्यभराचा हिशोब होतो. व्यवस्था दिसते ती अशी. एक दिवस उपाशी राहिलेल्याला भूक दिसते. सगळा जन्म उष्ट्यावर काढल्याचे ज्याला कळते, त्याला व्यवस्था दिसते.

बाबासाहेबांचा आक्षेप

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग झाले, कर्ममेळा विद्रोही ठरला, लेख संपवा. पण बाबासाहेबांचा आक्षेप बाजूला सारून आपल्याला पुढे जाता येणार नाही. 'जातिनिर्मूलन' या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींना उत्तर देताना बाबासाहेबांनी स्पष्ट म्हटले आहे की संतांनी जात आणि अस्पृश्यता यांच्याविरुद्ध मोहीम चालवली नाही. माणसामाणसांतल्या संघर्षाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचा विषय माणूस आणि देव यांच्या नात्याचा होता.

हा आक्षेप कर्ममेळ्यालाही लागू होतो का? प्रामाणिकपणे सांगायचे तर बऱ्याच अंशी होतो. त्याच्या अभंगात पाटील नाही, कुलकर्णी नाही, बडवा नाही. सगळे सवाल देवाला. आणि शेवटचा सवाल तर असा की त्याचे उत्तर मिळाले तरी काही बदलत नाही. 'जन्म का दिलास' या प्रश्नात दुःख आहे, कार्यक्रम नाही. तो कार्यक्रम देऊ शकत नव्हता हेही समजून घेतले पाहिजे. गावात दाद मागायची तर पाटलाकडेच, पाटलाविरुद्धची दादही पाटलाकडेच. न्यायालय म्हणून एकच जागा उरली होती आणि तिथे दगडाची मूर्ती होती.

पण ज्या बाबासाहेबांनी हा आक्षेप घेतला, त्यांनीच 1948 साली आपला 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. 1920 साली 'मूकनायक' काढले तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता. 1927 साली 'बहिष्कृत भारत' सुरू केले तेव्हा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. हा विरोधाभास आहे काय? मला तसे वाटत नाही. मार्ग म्हणून संत अपुरे आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितले. आपल्यात जन्मलेली आदरणीय माणसे म्हणून त्यांना मान दिला. एखाद्याचा आदर करणे आणि त्याच्या वाटेने जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चर्चांत या दोन गोष्टींची सारखी गल्लत होते.

तिसरे उत्तर : महाड

आणि आता त्या 'उष्टे' शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला परिषद झाली. चवदार तळे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा. तळ्याचे पाणी घेण्याइतकीच ही गोष्ट क्रांतिकारक होती. पाणी घेणे म्हणजे हक्क बजावणे. उष्टे सोडणे म्हणजे पोटावर पाय ठेवूनही मान राखणे. ज्याच्या घरात दुसरे काही शिजत नाही, त्याला हे किती अवघड असेल याची कल्पना करा.

बाबासाहेब उपदेशावर थांबले नाहीत. उष्ट्याचे मूळ कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. वतनात. म्हणून 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबाबत, 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

म्हणजे चोखोबा उष्टे मागतात. कर्ममेळा उष्ट्याबद्दल विचारतो. बाबासाहेब उष्टे नाकारायला सांगतात आणि ज्या कायद्याने ते पाटीत पडते त्या कायद्यावर हात घालतात. मागणे, विचारणे, नाकारणे. या तीन पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी कवितेची आहे. सवालाचा पत्ता देवाकडून कायदेमंडळाकडे वळवायला सहाशे वर्षे लागली. पण सवाल आधी कुणीतरी तयार करून ठेवला होता.

हा शब्द त्यानंतरही संपला नाही. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' असे नाव दिले. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी 1997 साली हिंदीत आत्मकथन लिहिले, त्याचे नाव 'जूठन', म्हणजे उष्टेच. ज्या शब्दाने आपल्याला खाली बसवले तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापायचा आणि लाज वाचणाऱ्याला वाटू द्यायची. कर्ममेळ्याचीच ही रीत आहे.

आज हे का वाचायचे?

माझी आजी लहानपणी येसकर पाळीला पाटी घेऊन जायची. हे तिने मला कधी सांगितले नाही. आत्याने सांगितले, आजी गेल्यानंतर. आजीने धर्मांतरानंतर घरातले सगळे देव काढले, पण जात्यावर बसली की चोखोबांचे अभंग तिच्या तोंडी यायचे. मी कॉलेजात असताना नव्या जोशात एकदा तिला म्हणालो होतो, "आजी, हे गुलामीचे गाणे बंद कर." ती गप्प झाली. नंतर माझ्यासमोर तिने ते कधी म्हटले नाही. वर्गातला तो मुलगा उसळून बोलला तेव्हा मला त्याचा राग आला नाही, कारण तो माझेच वाक्य बोलत होता.

आज मला वाटते, आजी ते देवासाठी म्हणत नसावी. त्या अभंगात तिची पाटी होती. ती पाटी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नव्हती, शाळेच्या धड्यात नव्हती, माझ्या एम. ए. च्या अभ्यासक्रमातही नव्हती. ते गाणे बंद करायला सांगून मी तिची गुलामी संपवली नाही. तिच्याजवळ असलेला पुरावा मी बंद केला.

म्हणून तरुण मित्रांनो, दोन गोष्टी सांगून थांबतो. एक, कवितेत संघर्ष शोधताना फक्त घोषणा शोधू नका. संबोधन कोणते आहे, यमकात कोणते दोन शब्द बांधले आहेत, वाक्य सांगते आहे की विचारते आहे, सहीच्या शेजारी काय ठेवले आहे, हे पाहा. ज्याला उघड बोलण्याची मुभा नव्हती त्याने कुठे कुठे काय ठेवले ते त्याशिवाय सापडणार नाही. दोन, चोखोबांना हार घालून 'सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते' म्हणणाऱ्यांच्या हवाली त्यांना करू नका. आपण सोडून दिलेला माणूस ते उचलून नेतात. त्यांच्या व्यासपीठावर चोखोबांचा जोहार म्हटला गेला, तर तिथेच उभे राहून त्यांच्या लेकाचा अभंगही म्हणायला सांगा. मग किती वेळ टाळ वाजतात ते पाहू.

आपण चोखोबांचे भक्त नाही. आपली वाट 1956 साली नागपुरात ठरली आहे आणि ती देवळाकडे जात नाही. पण त्या वाटेवर चालताना कुणाच्या हातातली पाटी आपण खाली ठेवली, हे विसरून चालणार नाही. जोहारापासून जय भीमपर्यंत आलेल्या माणसांनी जोहार म्हणणाऱ्यांना हिणवू नये. त्यांनी तो म्हटला म्हणून आपल्याला तो म्हणावा लागत नाही असे नाही. तो आपल्याला म्हणावा लागत नाही, कारण कुणीतरी 'लाज कुणाला वाटली पाहिजे' हा सवाल पहिल्यांदा केला आणि पुढे कुणीतरी त्याचे उत्तर कायद्यात लिहून घेतले.

पुढच्या रविवारी वर्गात आम्ही सोयराबाईचा अभंग वाचणार आहोत. शिकवणार आहे ती बारावीतली मुलगी.

जय भीम.